घर मिळालं, ऑलिम्पिक गेलं: याशार दोऊ प्रकरण (१९४८ ते १९५२)

टर्कीच्या कुस्तीबद्दल बोलताना आजकाल लोक ताहा आकगुल किंवा रिझा कायाआल्पचं नाव घेतात, ते बरोबरच आहे, पण टर्कीत पैलवान म्हटल्यावर आधी जे नाव येतं ते याशार दोऊचं. फ्रीस्टाइलचा ऑलिम्पिक चॅम्पियन, वर्ल्ड चॅम्पियन, आणि ग्रीको-रोमन या कुस्तीच्या दुसऱ्या प्रकारातही युरोपियन चॅम्पियन. एवढं सगळं असून हा माणूस आयुष्यात एकच ऑलिम्पिक खेळला. दुसरं खेळायची संधी समोर होती, वर्ल्ड टायटल हातात होतं, आणि तरी तो गेला नाही. का गेला नाही, त्यात चूक कोणाची, आणि त्यामुळे खरंच किती नुकसान झालं, हे जरा नीट मांडून बघूया. यात आपल्या खाशाबा जाधवांचाही संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही.

आधी माणूस कोण ते. जन्म १९१३ चा, काळ्या समुद्राच्या बाजूला सामसून प्रांतातल्या कावाक तालुक्यातला. वाढला आजोळी, एमिर्ली नावाच्या गावात. तिकडे काराकुजाक नावाचा कुस्तीचा प्रकार चालतो, लग्नात, जत्रेत, मोकळ्या मैदानावर, बाजूला ढोल आणि झुर्ना वाजत असतात. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात हलगी कडाडते आणि पैलवान शड्डू ठोकतो तेच वातावरण. (टर्कीची जी तेल लावून खेळतात ती कुस्ती वेगळी, ती एदिर्नेच्या किर्कपिनारची, लोक दोन्ही एकच समजतात.) दोऊ असाच गावोगाव कुस्त्या मारत मोठा झाला, मॅट त्याने बघितली ती थेट अंकाराला मिलिटरी सर्व्हिसला गेल्यावर, म्हणजे विशी उलटून गेल्यावर. तेव्हा टर्कीच्या टीमला ओन्नी पेल्लिनेन नावाचा फिनलंडचा कोच होता आणि त्या काळात फिनलंड म्हणजे कुस्तीतलं मोठं घराणं, त्यामुळे मातीतल्या या पोराला मॅटवरचं शास्त्र बऱ्यापैकी चांगल्या माणसाकडून मिळालं.

१९३९ मध्ये ऑस्लोला युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये ग्रीको-रोमन ६६ किलोत सिल्व्हर आणलं. वय २६. म्हणजे आता खरी कारकीर्द सुरू होणार, आणि नेमकं त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. १९४० चं ऑलिम्पिक रद्द, १९४४ चं रद्द. पैलवानाची सगळ्यात कसदार वर्षं कोणती, तर २६ ते ३२, आणि ती सगळी याची घरी बसून गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे १९५२ बद्दल बोलताना लोक हे विसरतात.

युद्ध संपल्यावर मात्र त्याने जे केलं ते वाचताना मजा येते. १९४६ स्टॉकहोम, युरोपियन, फ्रीस्टाइल ७३ किलो, गोल्ड. १९४७ प्राग, युरोपियन, ग्रीको-रोमन ७३, गोल्ड. १९४८ लंडन ऑलिम्पिक, फ्रीस्टाइल ७३, गोल्ड. १९४९ इस्तंबूल, युरोपियन, फ्रीस्टाइल ७९, गोल्ड. १९५१ हेलसिंकी, वर्ल्ड चॅम्पियनशिप, फ्रीस्टाइल ८७, गोल्ड. वजनं बघा, ६६ पासून ८७ पर्यंत. आजचा पैलवान एक गट वर जायचं म्हटलं तरी वर्षभर विचार करतो, कारण वरच्या गटात समोरचा अंगापिंडाने मोठा असतो आणि आपली ताकद तिथे पुरेल याची खात्री नसते. दोऊ चार वेगवेगळ्या गटांत खेळला, त्यातल्या तीन गटांत चॅम्पियन झाला, तेही दोन वेगवेगळ्या स्टाइल धरून. ग्रीकोमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, पाय वापरायचा नाही, म्हणजे डावच वेगळे, आणि दोन्हीकडे अव्वल राहणं हे तेव्हाही सोपं नव्हतंच.

टर्कीत त्याचा एक हिशोब कायम सांगतात. देशासाठी ४७ कुस्त्या, ४६ जिंकल्या, त्यातल्या ३३ चीतपट. तेव्हा कुस्ती १५ मिनिटांची असायची, म्हणजे त्या ४६ कुस्त्या पूर्ण वेळ चालल्या असत्या तर ६९० मिनिटं झाली असती, प्रत्यक्षात लागली ३७२ मिनिटं २६ सेकंद. सरासरी काढली तर कुस्तीमागे आठ मिनिटांच्या आसपास. पॉइंटवर जिंकून निवांत बसणारा हा गडी नव्हता, आस्मान दाखवूनच उठायचा.

आता मूळ प्रकरण.

लंडन १९४८. कुस्त्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये होत्या. टर्कीने तिथे कुस्तीत सहा गोल्ड मारली. फ्रीस्टाइलमध्ये चार, नासूह अकार ५७ किलो, गझनफर बिल्गे ६२, जेलाल आतिक ६७ आणि दोऊ ७३, म्हणजे ओळीने चार वजनं एकाच देशाची. ग्रीकोमध्ये मेहमेत ओक्ताव आणि हेवीवेटचा अहमेत किरेच्ची. वर चार सिल्व्हर, एक ब्रॉन्झ. टर्कीला त्या ऑलिम्पिकमध्ये एकूण १२ मेडल मिळाली त्यातली ११ कुस्तीची, उरलेलं एक तिहेरी उडीतलं ब्रॉन्झ. दोऊच्या गटात सिल्व्हर ऑस्ट्रेलियाच्या डिक गॅरार्डला गेलं, ब्रॉन्झ अमेरिकेच्या लेलँड मेरिलला.

देशात काय झालं असेल ते सांगायला नको. गरीब देश, युद्धात उतरला नव्हता तरी त्याची झळ सोसलेला, आणि ही खेड्यातली पोरं जगाला लोळवून आली. सरकारने आणि लोकांनी बक्षिसं दिली. रोख पैसे दिले, दोऊला घर मिळालं. कोणाला वाटेल की यात काही चूक आहे? मला तर वाटत नाही. पण ऑलिम्पिक समितीच्या पुस्तकात खेळाडू हौशी असला पाहिजे, खेळातून त्याला आर्थिक फायदा होता कामा नये, आणि बक्षिसाचं घर म्हणजे आर्थिक फायदा. झालं. पैसे आणि घर घेतल्यामुळे हे लोक प्रोफेशनल ठरले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचा दरवाजा बंद. दोऊचं तसं झालं, बिल्गेचंही तसंच.

आणि यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे, १९५१ मध्ये फ्रीस्टाइलची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली ती कुठे, तर हेलसिंकीलाच. तिथे दोऊ उतरला, ८७ किलोत वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि टर्कीने आठपैकी सहा गट जिंकले. कुस्तीची आंतरराष्ट्रीय संघटना त्याला खेळू देते, सव्वा वर्षाने त्याच शहरात ऑलिम्पिक समिती म्हणते हा चालणार नाही. गडी तोच, शहर तेच, खेळही तोच, फक्त बोर्ड कोणाचा लागलाय त्यावर तो हौशी की धंदेवाईक हे ठरणार. अजून एक गंमत, १९५२ च्या उद्घाटनाला हेलसिंकीच्या स्टेडियमवर मशाल घेऊन कोण आला, तर धावपटू पावो नुर्मी, ज्याला १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकआधी पैसे घेतल्याच्या आरोपावरून प्रोफेशनल ठरवून बाहेर काढलं होतं. फिनलंडच्या लोकांनी अख्ख्या ऑलिम्पिक चळवळीच्या नाकावर टिच्चून त्याला मशाल घेऊन धावायला लावलं आणि स्टेडियमने डोक्यावर घेतला. याच ऑलिम्पिकच्या वेळी समितीचा नवा अध्यक्ष म्हणून निवडून आला एव्हरी ब्रंडेज, हौशीपणाच्या बाबतीत सगळ्यात कडक माणूस.

मग चूक कोणाची? सहज उत्तर म्हणजे ऑलिम्पिक समितीची, नियमच मूर्ख. नियम मूर्ख होता हे मान्यच, मुळात तो नियम ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे अशा लोकांनी लिहिला होता, ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही तोच खरा हौशी, असा त्याचा सरळ अर्थ. पण म्हणून टर्कीच्या अधिकाऱ्यांना सोडून द्यावं असं मला वाटत नाही. कारण हा नियम गुपित नव्हता. लंडनच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, बार्बरा अ‍ॅन स्कॉट नावाची कॅनडाची फिगर स्केटर वर्ल्ड चॅम्पियन होऊन घरी आली, ओटावा शहराने तिला पिवळी ब्यूक गाडी भेट दिली, त्यावर याच ब्रंडेजने आक्षेप घेतला, आणि पोरीने गाडी परत केली. १९४८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये गोल्ड जिंकलं आणि मग गाडी घेतली. हे प्रकरण पेपरात चांगलं गाजलं होतं. ऑलिम्पिक कमिटीत बसणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर तो तिथे कशाला बसलाय? आणि माहीत असून घरं वाटली असतील तर चार वर्षांनंतरचा विचार कोणी केलाच नाही. बक्षीस द्यायचं तर थांबून देता आलं असतं, नोकरीच्या स्वरूपात देता आलं असतं, सैन्यात हुद्दा देता आला असता, हजार वाटा होत्या.

आणि या वाटा कोणी वापरल्या ते हेलसिंकीतच दिसलं. सोव्हिएत युनियन १९५२ मध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकला आलं. त्यांचे खेळाडू कागदावर सैनिक, विद्यार्थी, फॅक्टरी कामगार, प्रत्यक्षात दिवसभर सरावच. पगार सरकारचा, खाणं सरकारचं, ट्रेनिंग सरकारचं, आणि तरी ते हौशी, कारण घर बक्षीस म्हणून दिलेलं नाही. त्यांनी पहिल्याच फटक्यात कुस्तीत सहा गोल्ड घेतली, ग्रीकोत चार, फ्रीस्टाइलमध्ये दोन. लंडनला टर्कीची सहा होती, हेलसिंकीला सोव्हिएतची सहा. टर्कीला किती? दोन. ५२ किलोत हसन गेमिजी आणि ६२ किलोत बायराम शित, दोन्ही फ्रीस्टाइल, आणि ८७ किलोत आदिल आतानचं ब्रॉन्झ. अकरा मेडलवरून तीनवर.

इथे मला जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण हे प्रकरण सांगताना लोक पटकन म्हणतात की नियमामुळे टर्कीची कुस्ती झोपली. अर्धं खरं आहे. सहाची दोन झाली त्याचं एक कारण चॅम्पियन लोक घरी बसले हे आहेच, पण दुसरं कारण म्हणजे मैदानात एक नवीन आणि प्रचंड ताकदीचा देश उतरला, जो लंडनला नव्हताच. ग्रीकोमध्ये टर्कीचा जो भोपळा झाला त्याचं खापर फक्त बक्षिसाच्या घरांवर फोडणं बरोबर नाही. आणि दोऊचं स्वतःचं बघा, १९५२ मध्ये तो ३९ वर्षांचा. आदल्या वर्षी वर्ल्ड जिंकला म्हणजे दम होता हे नक्की, पण ऑलिम्पिकच्या ८७ किलोत स्वीडनचा विकिंग पाल्म होता ज्याने गोल्ड घेतलं, आणि अमेरिकेचा हेन्री विटेनबर्ग होता जो त्याच वजनाचा लंडनचा चॅम्पियन. दोऊ जिंकलाच असता असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. मेडल मिळालं असतं असं मात्र वाटतं, कारण त्याच्या जागी गेलेल्या आतानलासुद्धा ब्रॉन्झ मिळालं. त्याचं खरं नुकसान १९५२ ने नाही केलं, १९४० आणि १९४४ ने केलं. १९५२ मध्ये गेली ती भरपाईची शेवटची संधी.

आता खाशाबा. लंडनला खाशाबा जाधवही होते, फ्लायवेटमध्ये, सहावे आले, मॅटवरची ती त्यांची जवळपास पहिलीच मोठी परीक्षा होती, आयुष्य मातीत गेलेलं. म्हणजे दोऊ आणि खाशाबा एकाच ऑलिम्पिकमधले, दोघंही मातीतून मॅटवर आलेले. हेलसिंकीला खाशाबा ५७ किलोत उतरले. लंडनचा ५७ किलोचा चॅम्पियन कोण होता? नासूह अकार. १९५१ चा वर्ल्ड चॅम्पियन? परत तोच. आणि १९५२ ला तो तिथे नव्हता. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या पैलवानांना हरवलं, जपानच्या इशीईशी आणि सोव्हिएतच्या ममेदबेयोवशी हरले, इशीईला गोल्ड, ममेदबेयोवला सिल्व्हर, खाशाबांना ब्रॉन्झ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. यावरून कोणी म्हणेल की अकार असता तर आपलं मेडल गेलं असतं. असं म्हणायला काही अर्थ नाही, कुस्ती समोर असलेल्याशी होते, आणि खाशाबांना एक कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता लगेच पुढची खेळायला लावली हेही आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्या हिशोबाने सिल्व्हर किंवा त्याच्याही वरचं काही मिळालं असतं असं आपणही म्हणू शकतो. जर-तरला अंत नाही. पण त्या गटातली एक मोठी जागा रिकामी होती आणि कुस्तीच्या त्या वर्षाचा इतिहास वाचताना ती दिसली पाहिजे, एवढंच.

मला जास्त लागतं ते घराचं. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, बाकी गावाने वर्गणी काढली. एकाला ऑलिम्पिकला पाठवायला घर गहाण पडलं आणि दुसऱ्याचं ऑलिम्पिक घर मिळालं म्हणून गेलं, तेही त्याच वर्षी, त्याच शहरासाठी. कादंबरीत कोणी असं लिहिलं तर आपण म्हणू की जरा अतीच झालं. खाशाबा परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, सत्कार झाले, सरकारकडून मात्र काही विशेष नाही, १९५५ मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. आपल्या सरकारने खाशाबांचं हौशीपण अगदी कडकडीत जपलं असं म्हणायचं.

आज उलटं झालंय. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्रॉन्झ जिंकलं आणि राज्य सरकारने लगेच १ कोटी जाहीर केले, रेल्वेने प्रमोशन दिलं, आणि लोकांची तक्रार काय तर कमी दिले. हेच १९४८ ला झालं असतं तर पुढचं ऑलिम्पिक गेलं असतं. हौशीपणाची अट ऑलिम्पिकच्या नियमांतून सत्तरच्या दशकात ढिली होत गेली आणि १९९२ ला बार्सिलोनात एनबीएचे कोट्यधीश बास्केटबॉल खेळले तेव्हा तो विषयच संपला. दोऊच्या पिढीला त्याचा काय उपयोग.

पुढे दोऊने काय केलं? रडत बसला नाही. नॅशनल टीमचा कोच झाला. १९५५ मध्ये टीम घेऊन स्वीडनला गेला असताना हार्ट अटॅक आला, डॉक्टरांनी सांभाळून राहा म्हणून सांगितलं, पण पैलवान आणि आखाडा यांना वेगळं करणं कोणत्या डॉक्टरला जमलंय. टर्कीची कुस्ती परत उभी राहिली, १९५६ मेलबर्नला तीन गोल्ड, १९६० रोमला सात. सात, म्हणजे लंडनपेक्षाही एक जास्त, आणि यावेळी सोव्हिएत समोर असताना. या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये गोल्ड घेणारा मुस्तफा दाअिस्तानली हा दोऊच्याच सामसूनचा. ज्यांना वाटतं की १९५२ ने टर्कीची कुस्ती संपवली त्यांनी रोमचा निकाल एकदा बघावा. घरी बसवलेले चॅम्पियन पुढच्या पिढीच्या हाताशी राहिले, ही या प्रकरणाची एक बाजू कोणी फारशी सांगत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. रोमनंतर काही महिन्यांतच, ८ जानेवारी १९६१ ला, अंकाराला दुसऱ्या अटॅकने दोऊ गेला. वय पन्नासही नाही. त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय टूर्नामेंट टर्कीत होते, आपले पैलवानही तिथे खेळायला जातात, आणि सामसूनच्या युनिव्हर्सिटीतल्या स्पोर्ट्स फॅकल्टीलाही त्याचंच नाव आहे.

आणि बिल्गे? त्याने बक्षिसाच्या पैशातून बस घेतल्या. गझनफर बिल्गे नावाची बस कंपनी पुढे टर्कीत चांगली नावाजली, लंडनच्या चॅम्पियनचं नाव गाडीवर घेऊन हायवेवर फिरत राहिली. ऑलिम्पिक समितीने त्याला प्रोफेशनल ठरवलं होतं, त्याने खरोखरचा धंदेवाला होऊन दाखवलं.